जानेवारीत दिलेली जमीन, ऑक्टोबरात परत

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांबद्दल एका वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत. सरकारने त्यांना चाळीस एकर जमीन आणि एक खेचर दिलं होतं ना? एवढी मदत मिळूनही ते मागे का राहिले? आणि दक्षिणेत इतका छळ होत होता, तर उठून उत्तरेला का गेले नाहीत? पदव्युत्तर वर्गाला हा काळ मी बरीच वर्षं शिकवला. मुलं हेच विचारतात, आणि बहुधा याच क्रमाने विचारतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या काळातला एखादा कायदा, दंगल किंवा कोर्टाचा निकाल समोर आला की मी एकच गोष्ट पाहतो: यामुळे पुढच्या जानेवारीत कापसाच्या शेतात मजूर वाढणार की कमी होणार? वंशद्वेष होता, भयंकर होता, त्यात वाद नाही. पण द्वेषाने कोणाचा पिच्छा पुरवला आणि कोणाला मोकळं सोडलं, हे पाहू लागलात की मजुरीचा हिशेब दिसायला लागतो. १८६०च्या जनगणनेत अमेरिकेत साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते. त्यांच्या जिवावर जगातला बहुतेक कापूस पिकत होता. पाच वर्षांनी ही माणसं कुणाच्या मालकीची राहिली नाहीत, पण कापूस तर लावायचाच होता.

टेक्ससमधला हुकूम बघा. १९ जून १८६५ ला गॅल्व्हेस्टन बंदरात जनरल गॉर्डन ग्रेंजरने गुलाम मुक्त झाल्याचं जाहीर केलं. तो दिवस आज अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा आहे. त्या हुकुमात मालक आणि गुलाम यांच्यात पूर्ण समानता असल्याचं म्हटलं आहे, आणि लगेच पुढे मुक्त झालेल्यांना सल्ला दिला आहे की, सध्या आहात त्याच घरी शांतपणे राहा, मजुरीवर काम करा, रिकामटेकड्यांना पोसलं जाणार नाही. अडीचशे वर्षं फुकट राबलेल्या माणसांना स्वातंत्र्याच्या पहिल्याच कागदावर आळसाबद्दल ताकीद! हा विजयी उत्तरेचा हुकूम होता, हे ध्यानात असू द्या.

आता जमीन. १२ जानेवारी १८६५ ला जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेच्या फौजेचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून घेतलं. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ. आठच वर्षांपूर्वी हजार डॉलर मोजून त्यांनी स्वतःला आणि बायकोला विकत घेऊन सोडवलं होतं. तुम्ही स्वतःची काळजी कशी घ्याल, असं विचारल्यावर त्यांचं उत्तर अगदी शेतकऱ्याचं होतं: आम्हाला जमीन मिळावी, ती आम्ही स्वतःच्या कष्टाने नांगरू, आणि पुढे ऐपत आली की ती विकतही घेऊ. चार दिवसांनी, १६ जानेवारीला, शर्मनचा पंधरा क्रमांकाचा हुकूम निघाला. चार्ल्सटनपासून फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची बेटं आणि किनाऱ्यापासून आत तीस मैलांपर्यंतची सोडलेली शेतं मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखली गेली, दर कुटुंबाला जास्तीत जास्त चाळीस एकर. खेचर हुकुमात नाही. लष्कराने आपल्याकडची थकलेली जनावरं काहींना दिली, त्यावरून ते लोकांच्या तोंडी बसलं.

या हुकुमाखाली सुमारे चाळीस हजार माणसं जवळजवळ चार लाख एकरांवर बसली. एकूण मुक्त झालेले चाळीस लाख, म्हणजे शंभरातला एक. हक्क होता तोही ताब्याचा, खरेदीखत नव्हतं. मार्चमध्ये काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) मुक्त झालेल्यांसाठी फ्रीडमन्स ब्युरो हे खातं काढलं तेव्हा त्या कायद्यातही चाळीस एकरांचा उल्लेख आला, पण तिथेही जमीन फुकट नव्हती. तीन वर्षं खंडाने कसायची आणि मग किंमत भरून घ्यायची. ‘सरकारने वाटलेली जमीन’ एवढीच होती.

आणि तीही टिकली नाही. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. गादीवर आलेला अँड्र्यू जॉन्सन टेनेसीचा, गरिबीतून वर आलेला. बड्या जमीनदारांचा त्याला राग होता, पण काळ्या माणसाला बरोबरीने बसवायचं म्हटलं की त्याहून जास्त राग यायचा. २९ मे १८६५ ला त्याने माफीचा जाहीरनामा काढला. वीस हजार डॉलरांहून जास्त मालमत्ता असलेल्यांनी वैयक्तिक अर्ज करायचा होता. अर्ज हजारोंनी आले, हजारोंनी मंजूर झाले, आणि माफीबरोबर जमीनही परत. ब्युरोचा प्रमुख ऑलिव्हर ओटिस हॉवर्ड याने जुलैत चाळीस एकर राखून ठेवण्याचं परिपत्रक काढलं होतं. सप्टेंबरात ते मागे घ्यायला लागलं.

ऑक्टोबरात हॉवर्ड स्वतः दक्षिण कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर गेला, लोकांना सांगायला की ही शेतं आता जुन्या मालकांची. चर्च खच्चून भरलेलं. हॉवर्डला शब्द फुटेना तेव्हा लोकांनी गाणं म्हटलं. मग तीन जणांच्या समितीने त्याला पत्र लिहिलं. वर्गात मी ते पत्र नेहमी वाचून दाखवायचो. मालकांना क्षमा करा, असं तुम्ही आम्हाला सांगता. तुमचा फक्त उजवा हात युद्धात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला मारलं, आणि जो आता म्हणतो की माझ्या अटींवर राबलास तरच माझ्या रिकाम्या झोपडीत राहू देईन, त्याला मी क्षमा कशी करू? हॉवर्डचा हात १८६२च्या लढाईत खरोखरच गेला होता. राष्ट्राध्यक्षांना त्या समितीने वेगळं पत्र लिहिलं, त्यात भावनेपेक्षा हिशेब जास्त आहे: घराशिवाय आम्ही पुन्हा जुन्या मालकाच्या दयेवर जाऊ.

एक अपवाद मात्र पाहण्यासारखा आहे. त्याच किनाऱ्यावर ब्यूफर्ट आणि सेंट हेलेना बेटाच्या भागात युद्ध चालू असतानाच मालकांनी थकवलेल्या करापोटी सरकारने जमिनी लिलावात काढल्या होत्या. काही मुक्त झालेल्यांनी पैसे गोळा करून त्या घेतल्या. रॉबर्ट स्मॉल्स, ज्याने १८६२ मध्ये बंड करून फुटलेल्या दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) सैन्याची ‘प्लांटर’ ही बोट पळवून उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली, त्याने ज्या घरात गुलाम म्हणून जन्म घेतला तेच घर अशा लिलावात विकत घेतलं. ही खरेदी जॉन्सनच्या माफीने उलटली नाही, आणि त्या बेटांवर पुढे कित्येक पिढ्या काळ्या शेतकऱ्यांच्या नावावर जमीन राहिली. ज्याच्या हातात करविक्रीचा दाखला, त्याची जमीन राहिली. ज्याच्या हातात लष्कराचा हुकूम, त्याची गेली.

जमीन गेली, मग राहिलं काय? करार. इथे आपल्याकडचा वाचक मला अमेरिकन विद्यार्थ्यापेक्षा लवकर समजून घेतो, कारण त्याला सालगडी माहीत असतो. पाडव्याला साल ठरतं तसं तिथे एक जानेवारीला ठरायचं. नोव्हेंबर १८६५ मध्ये मिसिसिपीने जे कायदे केले (‘ब्लॅक कोड्स’ हे त्यांचं नाव), त्यांनुसार प्रत्येक कृष्णवर्णीयाने जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत कामाचा आणि राहण्याचा लेखी पुरावा दाखवायचा. साल पुरं व्हायच्या आत काम सोडलं तर त्या सालातली सगळी मजुरी बुडाली. पळालेल्याला कोणीही गोरा पकडून आणू शकायचा. त्याबद्दल पाच डॉलर आणि मैलामागे दहा सेंट. कामाचा पुरावा नसलेला भटक्या ठरायचा. दंड पाच दिवसांत भरला नाही तर जो दंड भरेल त्याच्याकडे राबायचं. गावाबाहेर शेतजमीन खंडाने घ्यायलाही बंदी. दक्षिण कॅरोलायनाने वेगळी शक्कल काढली: शेतमजुरी किंवा घरकाम सोडून दुसरा धंदा करायचा असेल तर दरसाल दहा ते शंभर डॉलरांचा परवाना. सुतार, लोहार, दुकानदार व्हायची वाटच महाग करून ठेवली.

पोरांचंही तेच. आईबाप पोसू शकत नाहीत असं न्यायाधीशाला वाटलं की मूल ‘उमेदवार’ म्हणजे कामशिकाऊ म्हणून बांधून द्यायचं, आणि जुन्या मालकाचा हक्क पहिला. मेरीलँड तर बंडात सामीलही नव्हतं. तिथे नोव्हेंबर १८६४ मध्ये गुलामगिरी संपली आणि पहिल्याच काही दिवसांत मुलांना गाडीत घालून कोर्टात नेण्याची रांग लागली. एलिझाबेथ टर्नर नावाच्या मुलीचा खटला १८६७ मध्ये सरन्यायाधीश सॅमन चेस यांच्यापुढे आला आणि त्यांनी तो करार गुलामगिरीच ठरवून रद्द केला. आयांनी ब्युरोच्या कचेऱ्यांत घातलेले हेलपाटे त्या खात्याच्या दप्तरात जागोजागी सापडतात. मळेवाल्यांची दुसरी मोठी तक्रार बायकांबद्दल होती: त्या शेतावर येत नाहीत, घरी बसून ‘बाईसाहेब’ झाल्या आहेत! स्वतःच्या घरचं रांधणं आणि स्वतःचं मूल सांभाळणं याला आळस म्हणणारी ती पत्रं वाचताना राग येतो आणि हसूही येतं.

आता मदतीकडे वळू, कारण प्रश्नाचा दुसरा भाग ‘एवढी मदत मिळूनही’ असा आहे. मदत होती, आणि ती क्षुल्लक नव्हती. फ्रीडमन्स ब्युरोने दोन कोटींच्या वर शिधे वाटले, त्यांतला बराच वाटा युद्धाने उघड्यावर पडलेल्या गरीब गोऱ्यांना गेला. चाळीसच्या वर दवाखाने चालवले, लग्नं नोंदवली, विकल्या गेलेल्या नवराबायकोंना आणि मुलांना शोधायला मदत केली, मजुरीचे तंटे सोडवले. पण खात्याचं बळ बघा. सबंध दक्षिणेत एका वेळी कधीच नऊशेपेक्षा जास्त माणसं नव्हती. १८६६ मध्ये मिसिसिपी राज्यात डझनभर. घोड्यावरून दोन दिवसांच्या वाटेवर एक अधिकारी, आणि त्याने चार-पाच तालुक्यांएवढ्या मुलखात गोऱ्या मळेवाल्याकडून काळ्या मजुराचे पैसे वसूल करून द्यायचे! पहिल्या वर्षी तर खात्याला स्वतःची आर्थिक तरतूदही नव्हती. शिवाय यातले बरेच अधिकारी मनापासून मानायचे की मुक्त माणसाचं पहिलं कर्तव्य करारावर अंगठा उठवणं. त्यामुळे तेच खातं एका दिवशी मजुराचा पगार मिळवून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याला सही करायला भाग पाडायचं. दप्तरात दोन्ही कागद एकाच अधिकाऱ्याच्या अक्षरात मिळतात.

फेब्रुवारी १८६६ मध्ये खात्याची मुदत वाढवायचं विधेयक आलं आणि जॉन्सनने ते परत पाठवलं. त्याचं म्हणणं, आपल्या स्वतःच्या लोकांसाठी काँग्रेसने कधी शाळा काढल्या नाहीत, कधी जमिनी घेऊन दिल्या नाहीत. ‘आपले लोक’ कोण, हे त्या वाक्यात उघड आहे. जुलैत काँग्रेसने त्याच्या विरोधाला न जुमानता विधेयक मंजूर केलं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या, म्हणजे पक्क्या उत्तरेतल्या, निवडणुकीत एक भित्तिपत्रक गाजलं: फ्रीडमन्स ब्युरो म्हणजे गोऱ्याच्या पैशांवर काळ्याला आळशी ठेवणारी संस्था. खाली चित्र, काळा माणूस लोळतोय आणि गोरा लाकडं फोडतोय. आरक्षणाच्या आणि अनुदानांच्या वादात आज जे ऐकू येतं त्याची ही जवळजवळ छापील मूळ प्रत म्हणावी.

शाळांबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण खरं यश इथे आहे आणि ते कुणाचं होतं याबद्दल गैरसमज आहे. पुस्तकांत चित्र असतं ते न्यू इंग्लंडहून (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतून) आलेल्या गोऱ्या शिक्षिकांचं. त्या आल्या होत्या. घर भाड्याने मिळत नव्हतं, वाळीत टाकलं जात होतं, तरी टिकल्या. अमेरिकन मिशनरी असोसिएशनसारख्या संस्थांनी पैसा घातला. फिस्क, हॉवर्ड, हॅम्पटन ही आज नावाजलेली विद्यापीठं १८६६ ते १८६८ या तीन वर्षांतली. पण शिक्षकांत काळे लोकही मोठ्या संख्येने होते, आणि १८७० पर्यंत मुक्त झालेल्यांनी स्वतःच्या खिशातून शिक्षणावर दहा लाख डॉलरांवर खर्च केला होता. सव्हानामध्ये तर १८६५च्या सुरुवातीला, युद्ध संपायच्याही आधी, त्यांनी आपली संस्था काढून पैसे जमवले आणि आपलेच शिक्षक नेमले. गुलामाला वाचायला शिकवणं ज्या राज्यांत गुन्हा होता तिथे आजी आणि नातू एका बाकावर बसायला लागले. १८७० मध्ये काळ्यांपैकी शंभरातले ऐंशी निरक्षर होते. १९०० मध्ये पंचेचाळीस. ही घसरण कुणाच्या मेहेरबानीने झालेली नाही.

म्हणून शाळाच जाळल्या गेल्या. मे १८६६ मध्ये मेम्फिसला तीन दिवस हल्ला चालला, त्यात पोलीसही होते. सेहेचाळीस काळी माणसं मारली गेली आणि काळ्यांच्या बारा शाळा आणि चार चर्चं खाक झाली. नंतर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त हिंसक संघटनेने वेचून कोणाला मारलं, याची साक्ष काँग्रेसच्या समितीने १८७१-७२ मध्ये तेरा खंडांत छापली आहे. शिक्षक, मतदार गोळा करणारा, जमीन घेतलेला, पीक चांगलं आलेला, मजुरीसाठी मालकावर दावा लावलेला. मुकाट्याने सालावर राबणाऱ्याच्या दारात रात्रीचे घोडेस्वार क्वचित आले.

कायद्याची बाजू थोडक्यात उरकतो, कारण ती कुठेही मिळेल. तेराव्या घटनादुरुस्तीने डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी संपवली, पण ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तीची मजुरी चालेल अशी फट ठेवली. चौदाव्या दुरुस्तीने १८६८ मध्ये नागरिकत्व दिलं, पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वंशावरून मत नाकारायला मनाई केली. १८६७ मध्ये दक्षिणेतली दहा राज्यं लष्करी अंमलाखाली घेऊन नव्या घटना लिहून घेतल्या, आणि पाहता पाहता गुलाम म्हणून जन्मलेली माणसं विधिमंडळात बसली. हायरम रेव्हल्स १८७० मध्ये मिसिसिपीतून सिनेटवर गेला. पुनर्रचनेच्या काळात (युद्धानंतर १८७७पर्यंतच्या या वर्षांना हे नाव आहे) सोळा कृष्णवर्णीय काँग्रेसमध्ये पोहोचले. खालच्या पदांसह मोजले तर दीड ते दोन हजार. दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत सर्वांसाठी सरकारी शाळा पहिल्यांदा याच विधिमंडळांनी सुरू केल्या, गोऱ्यांच्या मुलांसाठीही. ‘अडाण्यांचं भ्रष्ट राज्य’ ही या काळाची प्रतिमा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम डनिंग यांच्या शिष्यांनी पक्की केली. भ्रष्टाचार होता. तसा तो त्या काळी न्यूयॉर्कमध्येही होता, पण त्यावरून कोणी न्यूयॉर्ककरांचं मत काढून घ्या म्हटलं नाही.

मदतीच्या नावाखाली झालेली एक लूटही सांगायला हवी. मार्च १८६५ मध्ये काँग्रेसच्या सनदेने फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. सैनिकांचा पगार, धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे डॉलर-दोन डॉलर, चर्चच्या वर्गण्या, असं करत ठेवी वाढल्या. लोकांना वाटायचं पैसा सरकारजमा आहे. तो नव्हता. वॉशिंग्टनच्या संचालकांनी तो जमिनींच्या सट्ट्यात आणि ओळखीपाळखीच्या कर्जांत घातला, आणि १८७३ची मंदी आली. मार्च १८७४ मध्ये गुलामीतून सुटून काळ्यांचे मोठे पुढारी झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष करून त्यांच्या नावाची पुण्याई वापरायचा प्रयत्न झाला. त्यांनी स्वतःचे दहा हजार डॉलर आत घातले, आणि काही आठवड्यांत त्यांना कळलं की खोका पोकळ आहे. जूनअखेर बँक बुडाली. खातेदार एकसष्ट हजारांच्या वर, अडकलेली रक्कम तीस लाख डॉलरांच्या आसपास. त्या पैशांतून किती एकर झाले असते, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मग ‘मागे’ पडण्याचा निर्णायक काळ आला. १८७३ मध्ये लुईझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादावरून काळे लोक कोर्टाच्या इमारतीचं रक्षण करत होते. १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, शंभराहून जास्त गोरे तोफ घेऊन आले. इमारत पेटवली आणि शरण आलेल्यांनाही रात्री गोळ्या घातल्या. मेलेल्यांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत. गोरे मेले तीन. सत्त्याण्णव जणांवर आरोप ठेवले, खटला नऊ जणांवर चालला, दोषी ठरले तीन. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडले: चौदावी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खाजगी माणसांना नाही. म्हणजे गुन्हेगाराला पकडायचं काम पुन्हा त्याच राज्याकडे, जिथे फौजदार आणि पंच त्याचेच सोयरे.

आता आपल्याकडचा एक धागा. कोलफॅक्सनंतर सात आठवड्यांनी, १ जून १८७३ ही तारीख घालून पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ची प्रस्तावना लिहिली. ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. लोक मला विचारतात, फुल्यांना तिकडचं खरं चित्र माहीत नव्हतं का? माझ्या मते प्रश्नच चुकतो. अर्पणपत्रिका सरकारला नाही, त्याग करणाऱ्या माणसांना आहे, आणि अशी माणसं १८७३ मध्येही दक्षिणेतल्या शाळांत शिकवत होतीच. शिवाय फुल्यांचा स्वतःचा भर तर शाळा आणि शेतकऱ्याची पिळवणूक याच दोन गोष्टींवर होता, ज्या गोष्टींवरून दक्षिणेत जाळपोळ चालली होती.

उत्तरेकडची जनता मात्र कंटाळली. ती तशी आधीपासूनच अर्ध्या मनाने होती: १८६५ मध्ये कनेक्टिकट, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटाच्या मतदारांनी आपल्याच राज्यातल्या मूठभर काळ्यांना मत द्यायला नकार दिला होता. मंदीनंतर गिरण्यांचे मालक, बँका आणि व्यापारी यांना दक्षिणेतून हवा होता तो शांतपणे येणारा कापूस. १८७५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरने निवडणुकीतल्या हिंसेविरुद्ध फौज मागितली, तेव्हा दर शरद ऋतूतल्या या दंग्यांना सारी जनता कंटाळली आहे, असं राष्ट्राध्यक्ष ग्रँटने लिहिलं. फौज गेली नाही. याझू काउंटीत बारा हजार काळी वस्ती असताना लिंकनच्या, म्हणजे काळ्यांचा पाठिंबा असलेल्या रिपब्लिकन पक्षाला सात मतं पडली. १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या वादाचा सौदा झाला, लुईझियाना आणि दक्षिण कॅरोलायनाच्या विधानभवनांवरचे सैनिक बराकीत परतले, आणि विषय मिटला.

शेतावर काय चाललं होतं? गोऱ्या मुकादमाखाली टोळीने राबायला मुक्त माणसांनी नकार दिला. ही त्यांची मोठी जीत होती. त्यातून अर्धेलीची शेती आली: घरटी वेगळा तुकडा, पीक निम्मं. पण बी, खत, मीठ, पीठ, कापड दुकानातून उधार, आणि उधारीला तारण उभं पीक. उधारीचा भाव रोखीपेक्षा कितीतरी चढा, वही लिहिणार दुकानदार, आणि अट अशी की मका नको, कापूसच लाव. डिसेंबरात कापूस वजन केला की खात्यावर बाकी निघायची आणि पुढच्या सालाचा करार आपोआप व्हायचा. याच कापसाच्या भावाने इकडेही माणसं गाडली. युद्धात अमेरिकन कापूस अडला तेव्हा खानदेश-वऱ्हाडात आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला. १८६५ नंतर भाव आपटला, कर्जं राहिली, आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या दंग्यांनंतर इथे चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. मिसिसिपीत त्या दशकात उलट दिशेचा कायदा झाला: डुक्कर चोरलं तरी पाच वर्षांपर्यंत कैद, आणि कैदी मळ्यांना भाड्याने. तेराव्या दुरुस्तीतली फट अशी कामाला आली.

मताचा हक्क शेवटी कागदाने काढला. लुईझियानात १८९६ मध्ये नोंदलेले काळे मतदार एक लाख तीस हजार तीनशे चौतीस होते. साक्षरतेची आणि मालमत्तेची अट घालून, ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मत होतं त्यालाच तीतून सूट दिल्यावर १९०४ मध्ये उरले एक हजार तीनशे बेचाळीस. तरीही याच काळात चिवटपणे जमीन घेणं चालू होतं, एक-एक एकर, बहुतेक वेळा नापीक कोपरे. १९१० पर्यंत काळ्या शेतकऱ्यांच्या नावावर दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन होती. सरकारी वाटपातून नव्हे, घामातून. तेव्हा ‘मदत मिळूनही मागे’ हे वाक्य मी तरी उलटं लिहीन.

उत्तरेला का गेले नाहीत? गेले की. १८७९च्या वसंतात लुईझियाना आणि मिसिसिपीतून हजारो माणसं बोचकी घेऊन कॅन्ससच्या वाटेला लागली. मळेवाल्यांनी वाटा अडवल्या, मिसिसिपी नदीवरच्या बोटींच्या कप्तानांनी काठावरच्या माणसांना घ्यायला नकार दिला, सिनेटने कोणी फितवलं याची चौकशी लावली. पण बहुसंख्यांना निघणंच शक्य नव्हतं. हातात रोकड नाही, दुकानदाराची बाकी आहे, बाकी टाकून निघालं तर पकडवॉरंट. दुसऱ्याचा मजूर फोडून नेणाऱ्यालाही कायद्याने दंड होता. आणि पोहोचून करायचं काय? उत्तरेतल्या कारखान्यांना युरोपातून बोटी भरभरून गोरे मजूर मिळत होते. काळ्यासाठी फाटकाच्या आत जागा नव्हती. १९०० मध्येही दहापैकी नऊ कृष्णवर्णीय दक्षिणेतच होते.

पहिल्या महायुद्धाने युरोपातल्या बोटी थांबल्या, तेव्हा शिकागो-पिट्सबर्गच्या कारखान्यांनी दलाल दक्षिणेत पाठवले आणि आगगाड्या भरून माणसं निघाली. अर्धशतकभर ज्यांना आळशी आणि निरुपयोगी म्हटलं, ती जाऊ नयेत म्हणून स्टेशनांवर पोलीस उभे राहिले. जॉर्जियातल्या मेकन शहराने मजूर-दलालांसाठी परवाना काढला. त्याची फी पंचवीस हजार डॉलर, वर दहा स्थानिक धर्मोपदेशक, दहा कारखानदार आणि पंचवीस व्यापाऱ्यांची शिफारस.